वाचनालयाची गंगाजळी किती महिन्यांची? नव्या खजिनदारासाठी मार्गदर्शक

वार्षिक सर्वसाधारण सभेत तुमचं नाव सुचवलं गेलं, कुणीतरी अनुमोदन दिलं, टाळ्या वाजल्या आणि तुम्ही खजिनदार झालात. दुसऱ्या दिवशी जुने खजिनदार एक पिशवी घेऊन घरी आले. तिच्यात पावती पुस्तकं, चेकबुक, तीन पासबुकं आणि रबर बँड लावलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या.

आठ वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या आमच्या वाचनालयाची ही पिशवी माझ्याकडे आली. सगळी पासबुकं आणि पावत्या मांडून बेरीज केली तर ९ लाख ४० हजार रुपये भरले. संस्था भक्कम आहे असं समजून मी निर्धास्त झालो. त्याच वर्षी अनुदानाचा हप्ता लांबला आणि दिवाळीच्या तोंडावर ग्रंथपालांचा पगार द्यायला चालू खात्यात पैसे नव्हते. ९ लाख ४० हजारांतले आपले किती आणि दुसऱ्यांचे किती, हे मला तेव्हा उमगलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो. उदाहरण वाचनालयाचं असलं तरी अभ्यासिका, वसतिगृह, महिला मंडळ, व्यायामशाळा अशा कुठल्याही नोंदणीकृत लहान संस्थेला ते लागू पडेल. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

१. ताबा घेताना यादी करून घ्या

तोंडी ताबा घेऊ नका. दोघांच्या सह्यांची यादी करा आणि तिची एक प्रत इतिवृत्ताच्या वहीत लावा. यादीत हे हवंच:

- धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि परिशिष्ट १ चा (संस्थेची आणि विश्वस्तांची तिथली नोंद) ताजा उतारा
- संस्थेची घटना व नियमावली
- संस्थेचं पॅन कार्ड, आयकराच्या १२एबी (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणीचे आदेश
- मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रकं आणि लेखापरीक्षण अहवाल
- रोजमेळ, खतावणी, व्हाउचर फाइल, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं क्रमांकानिशी
- मुदत ठेवींच्या मूळ पावत्या
- हातशिल्लक, समोर मोजून
- आयकर आणि धर्मादाय संकेतस्थळांचे लॉगिन. त्यांना कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय तेही लिहून घ्या

शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण ओटीपी जर पुण्याला मुलाकडे राहायला गेलेल्या माजी सचिवांच्या फोनवर येत असेल, तर भर सप्टेंबरात तुमचं काम अडतं.

परिशिष्ट १ चा उतारा नीट वाचा. त्यात आजच्या विश्वस्तांची नावं आहेत का? कार्यकारी मंडळ बदललं की ९० दिवसांच्या आत विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक संस्थांचे दोन-तीन निवडणुकांचे अर्ज राहून गेलेले असतात. आमचे दोन सहीदार एकाच वर्षी गेले, एक वारले आणि एकांची बदली झाली. नव्या सह्यांसाठी बँकेने परिशिष्टावरची नावं मागितली, तर तिथे सहा वर्षांपूर्वीचं मंडळ होतं. पैसे आमचेच, पण दोन महिने हात लावता आला नाही. म्हणून सहीदार तीन ठेवा, कुठल्याही दोघांच्या सहीने व्यवहार होईल असा ठराव करा आणि बदल अर्जाची पोच फाइलला लावा.

२. प्रत्येक रुपयाला नाव द्या

सगळ्या लेखात हे काम सर्वात मोलाचं आहे. एक रविवार काढा. कागदावर उभे रकाने आखा आणि बँकेतली प्रत्येक रक्कम कुणाची, कशासाठी, हे लिहा. आमचा कागद असा झाला:

- कायम निधी, ज्याचं फक्त व्याज वापरायचं: ५,००,०००
- इमारत निधी, देणगीदारांनी बांधकामासाठी दिलेला: २,६०,०००
- स्मृती पारितोषिकांच्या ठेवी: ६०,०००
- सभासदांची अनामत: ८४,०००
- उरलेले, खरोखर मोकळे: ३६,०००

अनामतीचा रकाना बघा. सभासद होताना वाचक जे दोनशे-तीनशे रुपये ठेवतो ते त्याचे असतात. पुस्तक परत करून तो अनामत मागायला आला की आपल्याला द्यावीच लागते. ताळेबंदात ती देणं म्हणून दिसते, पण पासबुकात ती आपल्या पैशांत मिसळून जाते. तिची वेगळी ठेव करा.

स्मृती पारितोषिकांचंही एकदा बारकाईने बघा. आमच्याकडे नव्वदच्या दशकातली पाच हजारांची एक ठेव आहे, दहावीत मराठीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्या व्याजातून पुस्तकं द्यायची. त्या काळी मुदत ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळे, म्हणजे वर्षाला पाचशे-सहाशे रुपये. तेवढ्यात पुस्तकांचा चांगला गठ्ठा यायचा. आज साडेसहा टक्क्यांनी ३२५ रुपये येतात आणि एक बरा शब्दकोशही त्यात बसत नाही. फरक संस्था आपल्या खिशातून भरत होती आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी देणगीदारांच्या मुलीला हा हिशोब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी ठेव पंचवीस हजारांची केली. न दुखावता सांगितलं तर लोक समजून घेतात, अवघडून गप्प बसू नका.

एक पथ्य आहे: इमारत निधीतून पगार देऊ नका, ‘पुढच्या महिन्यात परत टाकू’ असं म्हणूनसुद्धा नाही. देणगीदाराने ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामाला तो लागला पाहिजे, त्याच्या विश्वासावरच आपली संस्था चालते.

३. महिन्याचा अटळ खर्च काढा

आता पुस्तक खरेदी, व्याख्यानमाला, रंगरंगोटी बाजूला ठेवा. दार उघडं ठेवायला महिन्याला काय लागतं तेवढंच लिहा. आमचं असं होतं: तिघांचे पगार मिळून २४,०००, वीजबिल ४,५००, वर्तमानपत्रं व मासिकं ३,०००, इंटरनेट व फोन १,०००, साफसफाई आणि किरकोळ २,५००. एकूण ३५,०००.

मोकळे ३६ हजार भागिले ३५ हजार, म्हणजे एक महिना. साडेनऊ लाखांच्या पासबुकाची खरी ताकद एवढीच होती.

याला मी गंगाजळीचे महिने म्हणतो. रकमेपेक्षा महिन्यांत बोला. ‘आपल्याकडे ३६ हजार आहेत’ म्हटलं तर सभेत कुणाच्या लक्षात काही येत नाही. ‘अनुदान आलं नाही तर आपण एक महिना चालू’ म्हटलं की सगळे सावरून बसतात.

किती महिने असावेत? निदान तीन, शक्य तर सहा. कारण तुमच्या उत्पन्नात दडलेलं आहे. शासनमान्य ग्रंथालयाचं अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, पगार मात्र बारा वेळा द्यायचा असतो. ज्या संस्थेचं उत्पन्न मुख्यतः मासिक वर्गणीतून येतं तिला तीन महिने पुरतात. एकाच देणगीदारावर किंवा एकाच अनुदानावर विसंबून असाल तर सहाच्या खाली समाधान मानू नका.

४. उसनवारीचा रस्ता बंद आहे हे ओळखा

त्या दिवाळीला आमचे अध्यक्ष म्हणाले, “मी माझ्याकडचे पन्नास हजार घालतो, अनुदान आलं की परत द्या.” मन मोठं होतं त्यांचं. पण लेखापरीक्षकांनी थांबवलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घेता येत नाही, तारण असो वा नसो. अध्यक्षांनी ती रक्कम देणगी म्हणून दिली असती तर प्रश्न नव्हता, पण परतफेडीच्या बोलीवर दिलेली रक्कम म्हणजे कर्जच.

दुकानदाराला अडचणीच्या महिन्यात ओव्हरड्राफ्ट असतो, मित्र असतो, सावकारसुद्धा असतो. आपल्याला यातलं काही नाही. म्हणून लहान संस्थेला गंगाजळी लागते, आणि ती जमवण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. ‘समाजसेवी संस्थेने पैसे साठवायचे कशाला?’ असा प्रश्न सभेत येतोच. ग्रंथपाल ताईंचा पगार दिवाळीत थांबू नये म्हणून, असं सरळ उत्तर द्या.

आम्ही त्या वेळी काय केलं ते सांगतो. दोन आजीव सभासदांकडून रीतसर पावतीवर देणगी घेतली आणि पगार केले. पण ऐन वेळी हात पसरण्याची वेळ आली याचं वाईट वाटलं.

५. ८५-१५ चा हिशोब समजून घ्या

आयकर माफी हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम संस्थेच्या उद्दिष्टांवर त्याच वर्षी खर्च व्हायला हवी. १५ टक्के कुठलीही अट न पाळता मागे ठेवता येतात. कायम निधीसाठी आलेली देणगी या उत्पन्नात धरली जात नाही.

आमचं उत्पन्न ५,२०,०००. त्याचे ८५ टक्के म्हणजे ४,४२,०००. अटळ खर्च वर्षाला ४,२०,००० आणि पुस्तकांवर ६०,००० मिळून ४,८०,००० झाले. अट पूर्ण झाली आणि ४०,००० उरले. ते राखीव निधीत गेले. असं चार वर्षं केल्यावर गंगाजळी १,९६,००० झाली. दरम्यान महिन्याचा खर्चही ३९ हजारांवर गेला होता, म्हणून महिने पाचच झाले. तरी एकावरून पाचावर आलो.

इथे लोक चार ठिकाणी अडखळतात.

राखीव निधीत रक्कम वर्ग केली म्हणजे ती खर्च झाली असं नाही. नोंद बदलली, पैसा संस्थेकडेच आहे. तो ८५ टक्क्यांत धरता येत नाही.

मार्चचं बिल एप्रिलात दिलंत तर तो खर्च एप्रिलातल्या वर्षाचा. आता प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच खर्च धरला जातो. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सगळी बिलं मागवून चुकती करा.

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम खर्च म्हणून मान्य होत नाही. सुताराने कपाटाचे चौदा हजार रोख मागितले तरी चेकच द्या.

कायम निधीतून केलेला खर्चही ८५ टक्क्यांत बसत नाही.

अनुदान मार्चअखेरीस आलं आणि ८५ टक्के खर्च करणं शक्यच नसेल तर घाबरून नको ती खरेदी करू नका. रक्कम उशिरा मिळाल्याचं कळवून पुढच्या वर्षी खर्च करण्याचा पर्याय फॉर्म ९ए ने मिळतो आणि इमारतीसारख्या ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत साठवण्याची सोय फॉर्म १० ने मिळते. दोन्ही वेळेत भरावे लागतात, म्हणून जूनमध्येच सीएंशी बोला. एक ध्यानात ठेवा: या लेखातले आयकराचे सगळे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्यावर कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. ८५-१५ चं तत्त्व तेच आहे, क्रमांक मात्र सीएंकडून ताजे घ्या.

६. देणगी घेतानाच कागद पूर्ण करा

पावतीवर नाव, पत्ता, पॅन आणि देणगीचा हेतू, चारही हवेत. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर देणगीदाराला ८०जी ची सवलत मिळत नाही, हे पैसे हातात घेण्याआधी सांगा. वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मे पर्यंत भरायचं असतं आणि त्यावरून देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं.

कायम निधीची देणगी असेल तर देणगीदाराचं लेखी पत्र घ्याच. आपण आपल्या मनाने ‘हे कायम निधीत टाकू’ म्हणून चालत नाही. मजकूर एवढा पुरे:

‘मी माझ्या आईच्या स्मरणार्थ रुपये ५०,००० (अक्षरी पन्नास हजार) धनादेश क्र. … ने आपल्या संस्थेच्या कायम निधीसाठी देत आहे. मूळ रक्कम कायम ठेवून तिच्या व्याजाचा विनियोग संस्थेच्या उद्दिष्टांसाठी करावा. दिनांक, सही, पत्ता, पॅन.’

ही रक्कम कायद्याने ठरवलेल्या ठिकाणीच गुंतवून वेगळी दाखवावी लागते, म्हणून त्याच आठवड्यात तिची ठेव करा.

टेबलावरच्या क्यूआर कोडचं काय? पैसे येतात, पण बँकेच्या पत्रकात अर्धवट नाव दिसतं, पत्ता नसतो. ज्याचं नाव-पत्ता संस्थेकडे नाही ती निनावी देणगी. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्या वरच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर आहे. लहान संस्था सहसा मर्यादेच्या आत राहते, तरी कोडशेजारी एक वही आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवा. लोक आनंदाने नाव लिहितात.

आणि परदेशातले गावकरी. हा सापळा मोठा आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या गावच्या मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी मिळाली तरी अशी रक्कम नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. तेव्हा खाते क्रमांक पाठवण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारा. आपल्या माणसाला असं विचारणं जड जातं, पण विचाराच.

७. पैसे ठेवायचे कुठे

सभेत कुणीतरी म्हणेल, “अमुक पतसंस्था दीड टक्का जास्त देते.” हात जोडून नाही म्हणा. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे विश्वस्त निधी अनुसूचित बँक (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली), पोस्टाची बचत बँक, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे इथे ठेवायचा असतो; इतर ठिकाणी ठेवायला परवानगी लागते. आयकर कायद्याची यादी थोडी वेगळी आहे, त्यामुळे दोन्ही याद्यांत बसेल तेच निवडा.

बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर मी आमच्या ठेवी दोन बँकांत विभागल्या.

गंगाजळी एकाच पावतीत अडकवू नका. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात, बाकीचे तीन-चार पावत्यांत, दर तिमाहीला एक मुदत संपेल अशा. एका वहीत पावती क्रमांक, रक्कम, दर, मुदत संपण्याची तारीख आणि ती कुठल्या निधीची, हे लिहा. प्रत्येक ठेवीला संस्थेचा पॅन जोडलाय ना ते बघा. नसेल तर व्याजावर २० टक्के कर कापला जातो.

८. ठराव करून घ्या

तुम्ही जमवलेली गंगाजळी पुढचा माणूस एका समारंभात उडवू शकतो. म्हणून वापराचा नियम लिहून ठेवा. आमचा ठराव तसाच घ्या, चालेल:

‘संस्थेच्या दैनंदिन कामकाजात खंड पडू नये यासाठी राखीव निधी ठेवण्यात यावा. सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम हे त्याचे उद्दिष्ट राहील. त्यातून रक्कम काढण्यास कार्यकारी मंडळाचा ठराव आवश्यक राहील. काढलेली रक्कम, कारण आणि भरपाईची मुदत त्या ठरावात नमूद करावी. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर.’

आता छताची गळती काढायला यातून पैसे घ्यायचे का? पुस्तकं भिजत असतील तर अवश्य घ्या. त्यासाठीच तो निधी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मांडवासाठी मात्र नाही, त्याची वर्गणी वेगळी काढा.

९. वर्षाच्या तारखा भिंतीवर लावा

- ३१ मार्च: हिशोब बंद, हातशिल्लक मोजून दोघांच्या सह्या
- ३१ मे: देणग्यांचं विवरण
- जून: सीएंकडे सगळी कागदपत्रं
- ३० सप्टेंबर: लेखापरीक्षण पूर्ण, अहवाल आयकर आणि धर्मादाय कार्यालयाकडे
- ३१ ऑक्टोबर: आयकर विवरणपत्र, आयटीआर-७

१२एबी आणि ८०जी नोंदणीची मुदत आदेशावर छापलेली असते. नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी द्यायचा असतो. ही तारीख चुकली तर संस्थेच्या मालमत्तेच्या मूल्यावर कर लागण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, म्हणून ती लाल शाईने लिहा.

१०. दर महिन्याला अर्धं पान

मंडळाच्या प्रत्येक बैठकीत अर्ध्या पानाचं पत्रक ठेवा: महिन्याची जमा, महिन्याचा खर्च, निधीनिहाय शिल्लक आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात ‘गंगाजळी: इतके महिने’. त्याखाली सचिवांची सही घ्या. आमच्याकडे ते पत्रक आता सूचनाफलकावरही लागतं, वर्तमानपत्राच्या टेबलाजवळ. पहिल्यांदा लावलं तेव्हा रोज सकाळी पेपर वाचायला येणारे एक निवृत्त शिक्षक ते वाचत बराच वेळ उभे राहिले. ‘दोन महिने’ या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “म्हणजे दोन महिन्यांनी हे बंद पडू शकतं?” मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच हजारांचा चेक आणला, सोबत पॅनची झेरॉक्स.

त्या चेकची पावती मी मोकळ्या निधीत फाडली, कारण हेतूच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘जिथे गरज असेल तिथे.’